जितक्या शाखा, तितके वृक्ष

आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो दिसावयास अगदी लहान आहे. चार शब्दांचे एक लॅटिन वाक्य आणि त्याच्या शेजारी काढलेले एक झाड, एवढाच काय तो ऐवज. परंतु ह्या चार शब्दांचा माग काढीत निघाले म्हणजे लंडन, मुंबई, प्रयाग, नागपूर, पुणे अशी बरीच लांबची यात्रा घडते. आणि ती यात्रा शेवटी भोर तालुक्यातील एका वाड्याच्या दारात येऊन थांबते, असा निदान माझा तरी अनुभव आहे.

गेल्या उन्हाळ्यात चार दिवस भाटघरास मुक्काम होता. भाटघर हे वेळवंडी नदीवरील धरणाचे गाव, पुण्याहून जाताना भोरच्या जरा अलीकडे लागते. येथील पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. त्याच्या तलावाला व्हायटिंग नावाच्या इंजिनियराचे नाव होते. नीरेच्या कालव्यांना ते पाणी पुरेना, तेव्हा खालच्या अंगास दुसरे मोठे दगडी धरण बांधण्यात आले. ते १९२८ च्या सुमारास पुरे झाले व त्याला लॉइड ह्या गव्हर्नराचे नाव देण्यात आले. जुने धरण नव्या धरणाच्या पाण्याखाली गेले. आज ह्याच जलाशयाला येसाजी कंक ह्याचे नाव आहे. गोवळकोंड्यास हत्तीशी झुंज घेतल्याची कथा ज्याच्याविषयी सांगतात तोच हा मावळा. एका पाण्याला तीन नावे! पाण्याला त्याचे काही नाही. ते होते तसेच नीरेच्या खोऱ्यात उसाला जाते.

ह्या मुक्कामात माझी भाची बरोबर होती. ती अलाहाबाद विद्यापीठात शिकते. शहराचे नाव २०१८ मध्ये प्रयागराज झाले, विद्यापीठाचे नाव मात्र राहिले. एके दिवशी सकाळी ती तलावाच्या बाजूस एका जुन्या वडाखाली आपले कागदपत्र पसरून बसली होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ रोज त्या वडाखाली येऊन बसत. त्यांनी कागदावरची विद्यापीठाची मुद्रा पाहिली व बोट ठेवून म्हणाले, "हा तर वडच की. अन् खाली काय लिवलंय?"

"जितक्या फांद्या, तितकी झाडं," भाचीने सांगितले.

बाबांनी एकवार वर झाडाकडे पाहिले. "कोण म्हणतंय असं? फांदीचं कुठं झाड होतंय, ताई? पारंबी भुईला लागली तर होतंय. न्हाईतर फांदी ती फांदीच. वाऱ्यानं मोडायची."

भाची हसली, मीही हसलो. परंतु हा आक्षेप काही केल्या मनातून जाईना. पुण्यास परत आल्यावर मी ह्या वाक्याची चौकशी आरंभिली, तिचा वृत्तान्त आज आपणांस सांगतो.

वाक्य असे आहे : 'क्वोत रामी, तोत आर्बोरेस'. 'रामी' हे ऐकून आपल्या कानास राम आठवला तर नवल नाही. परंतु 'रामुस' म्हणजे फांदी आणि 'रामी' हे तिचे अनेकवचन. 'आर्बोर' म्हणजे वृक्ष. 'क्वोत' म्हणजे जितके व 'तोत' म्हणजे तितके. संस्कृतातील 'कति' आणि 'तति' ह्या शब्दांशी ह्यांचे सख्खे नाते आहे. वाक्यात क्रियापद नाही, आणि ते नाही म्हणूनच वाक्य नाण्यासारखे ठसठशीत वाटते. ही घडण रोमन लोकांच्या कानाला परिचयाची होती. टेरेन्स हा त्यांचा नाटककार ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात होऊन गेला; त्याच्या 'फॉर्मिओ' नाटकात जितकी माणसे तितकी मते अशा अर्थाचे वचन ह्याच साच्यात बसविलेले आढळते. आपल्याकडे 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आहे. तिच्यातही क्रियापद नाही व कोणास त्याची उणीव भासत नाही. म्हणजे लॅटिनचा एक शब्दही न शिकलेल्या मराठी माणसाला हे वाक्य ऐकताच ओळखीचे वाटावे, अशीच त्याची ठेवण आहे. आणखी एक गंमत. लॅटिन भाषेत वृक्ष स्त्रीलिंगी आहे. आपला वड पुरुष खरा, पण ज्यांच्या जोरावर तो पसरतो त्या पारंब्या स्त्रियाच आहेत!

वडाचे हे झाड पाहून पाश्चात्त्य लोक फार प्राचीन काळापासून विस्मित होत आले आहेत. अलेक्झांडराबरोबर आलेल्या ग्रीकांनी ते पाहिले व त्याची वार्ता स्वदेशी नेली. थिओफ्रास्टस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ह्या हिंदी अंजिराच्या फांद्यांतून मुळ्या खाली उतरतात व झाडाभोवती तंबूसारखा मांडव होतो, असे वर्णन करून ठेविले आहे. इंग्रजांनी त्याला जे नाव दिले ते तर आपल्या वाण्यांचे! इराणच्या आखातातील बंदरअब्बासजवळ अशा एका झाडाखाली हिंदी व्यापाऱ्यांची ऊठबस असे. त्यावरून ते वाण्यांचे झाड ठरले, आणि पुढे तेच नाव सगळ्या जातीला चिकटले. मिल्टनने १६६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॅरडाइज लॉस्ट' ह्या महाकाव्यात आदम आणि ईव्ह ह्यांना लज्जारक्षणासाठी ज्या झाडाकडे पाठविले आहे, ते हेच. आणि ते मलबारात व दख्खनमध्ये आढळते, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. दख्खन म्हणजे आपलाच मुलूख. आंधळ्या मिल्टनला आपल्या रस्त्याकडेचे वड दिसले होते म्हणावयाचे! वाकलेल्या फांद्या जमिनीत रुजून मातेभोवती मुली वाढतात, ही कल्पना त्याच्या काव्यात आहे. विद्वान इंग्रजांच्या मनात वडाचे हे चित्र किती खोल गेले असेल, ह्याची ह्यावरून कल्पना यावी.

आता ह्या वाक्याच्या घराण्याकडे वळू. प्रयागचे विद्यापीठ जन्मास येण्यापूर्वीच हे झाड व हे वाक्य दुसऱ्या एका संस्थेच्या मुद्रेवर विराजमान झालेले होते. ती संस्था म्हणजे लंडनची रॉयल एशियाटिक सोसायटी. १८२३ च्या मार्चमध्ये तिची स्थापना झाली व पुढच्याच वर्षी तिला राजाची सनद मिळाली. हेन्री टॉमस कोलब्रुक हा तिचा मुख्य प्रवर्तक होता. ह्या गृहस्थाने आपले अर्धे आयुष्य बंगाल्यात कंपनीच्या चाकरीत घालविले. वेद, धर्मशास्त्र व हिंदू गणित ह्यांवरील त्याचे निबंध आजही विद्वानांस मान्य आहेत. लंडनमध्ये बसून आशिया खंडाचा अभ्यास करावयाचा, आणि ठिकठिकाणी शाखा काढून त्या त्या प्रांतातील विद्या गोळा करावयाची, असा ह्या मंडळींचा संकल्प. त्यास वडाचे चिन्ह शोभलेही. प्रत्येक शाखा उद्या स्वतः वृक्ष होईल, अशी ती उदार प्रतिज्ञा.

परंतु प्रतिज्ञा करणे निराळे आणि शाखेने वृक्ष होऊ लागताच आनंद मानणे निराळे. मुंबईचेच उदाहरण घ्या. सर जेम्स मॅकिंटॉश ह्या न्यायाधीशाने २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळ येथे लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली. म्हणजे लंडनच्या सोसायटीहून मुंबईची ही सभा एकोणीस वर्षांनी वडील! तरीही १८३० च्या सुमारास ती लंडनची 'मुंबई शाखा' म्हणून नोंदली गेली. खोडाहून फांदी वयाने मोठी, असा चमत्कार वनस्पतिशास्त्रात सापडावयाचा नाही. साम्राज्याच्या शास्त्रात मात्र तो सहज खपला. टाउन हॉलच्या त्या भव्य पायऱ्या चढून जाणारे सभासद आरंभी सगळे युरोपियन असत. हिंदी माणसाला सभासदत्व मिळावयास बरीच वर्षे जावी लागली.

आणि मग त्या फांदीवरून पारंब्या सुटू लागल्या. डॉक्टर भाऊ दाजी ह्यांनी लेण्यांतील शिलालेख वाचून त्यांवरील निबंध ह्याच शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांच्या आश्रयाने भगवानलाल इंद्रजी हिंदुस्थानभर लेखांचे ठसे घेत हिंडले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी येथे निबंध वाचले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे तर ह्या शाखेचे अध्यक्ष झाले. ज्या विद्येचा विषय हिंदी लोक होते, तिचे कर्तेही हिंदी लोक झाले. पांडुरंग वामन काणे ह्यांचा 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा पाच खंडांचा ग्रंथ घडला त्यात ह्या ग्रंथालयाचा वाटा केवढा असेल, हे तेथे बसून काम केलेल्या कोणासही सांगावयास नको. स्वातंत्र्यानंतर १९५० ते १९६० ह्या दशकाच्या मध्यास शाखेने लंडनचे नाते सोडले व ती मुंबईची स्वतंत्र एशियाटिक सोसायटी झाली. चार शब्दांतील भविष्य खरे व्हावयास सव्वाशे वर्षे लागली.

प्रयागची गोष्ट ह्याहून थोडी वेगळी. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास ही तीन विद्यापीठे निघाली, तेव्हा गंगायमुनांचा सारा प्रदेश कलकत्त्याच्या छायेखाली होता. सर विल्यम म्यूर ह्यांच्या नावाचे महाविद्यालय प्रयागास निघाले तेही कलकत्त्याची फांदी म्हणूनच. पुढे १८८२ मध्ये पंजाब विद्यापीठ व १८८७ मध्ये अलाहाबाद विद्यापीठ अशी दोन स्वतंत्र झाली. ज्या संस्थेने स्वतः फांदीचे झाड झालेले अनुभविले, तिने हे वाक्य मुद्रेवर धारण करावे हे यथायोग्यच होते. शिवाय वड म्हणजे प्रयागचा घरचाच वृक्ष. किल्ल्यातील अक्षयवटाचे दर्शन घेतल्यावाचून प्रयागची यात्रा पुरी होत नाही असे आपल्या आज्या-पणज्या मानीत आल्या. कालिदासानेही 'रघुवंशा'त विमानातून परतणाऱ्या रामाकडून सीतेला तो श्यामवट दाखविला आहे. लॅटिन वाक्य वाचता न येणाऱ्या यात्रेकरूलाही ती मुद्रा पाहून हात जोडावेसे वाटले तर त्याचे काही चुकले नाही.

आपणां मराठी लोकांचा ह्या मुद्रेशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध पुष्कळ आहे व आज बहुतेकांच्या विस्मरणात गेलेला आहे. १९०४ च्या विद्यापीठविषयक कायद्यान्वये विद्यापीठांच्या हद्दी आखल्या गेल्या, त्यांत मध्यप्रांत आणि मध्य हिंदुस्थानातील बहुतेक संस्थाने अलाहाबादच्या वाट्यास आली. त्यामुळे नागपूरच्या मॉरिस व हिस्लॉप ह्या महाविद्यालयांतून शिकणारे मराठी विद्यार्थी, तसेच इंदूर व ग्वाल्हेर येथील होळकर-शिंद्यांच्या राजधान्यांत वाढलेली मराठी घराण्यांतील मुले, ही सर्व प्रयागच्या विद्यापीठाची पदवीधर झाली. घरी मराठी, बाहेर हिंदी, परीक्षा इंग्रजीत आणि विद्यापीठाचे बोधवाक्य लॅटिन : चार भाषांचा हा संसार त्या पिढीने मुकाट्याने केला. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले आणि ती फांदी वेगळी झाली. त्याच्या आगेमागे काशी, अलीगढ, लखनौ येथे नवी विद्यापीठे उभी राहिली, १९२७ मध्ये आग्र्याचेही निघाले, आणि पूर्वी सबंध उत्तर-मध्य हिंदुस्थानावर पसरलेले अलाहाबाद विद्यापीठ आपल्या आवारापुरते उरले. बोधवाक्य खरे ठरले म्हणजे बोधवाक्य धारण करणाराचे राज्य लहान होते, ही ह्या वाक्याची खरी किंमत आहे. ती अलाहाबादने चुकती केली.

येथे थोडे विषयांतर करतो. हिंदुस्थानात लॅटिन बोधवाक्ये आणखीही आहेत. मद्रास विद्यापीठाचे वाक्य होरेस कवीच्या चौथ्या पुस्तकातील एका स्तोत्रातून घेतलेले आहे. अंगच्या उपजत सामर्थ्याला विद्या पुढे नेते, असा त्याचा भाव. मुंबईच्या सेंट झेव्हियर महाविद्यालयाचे वाक्य बायबलातील 'अनुवाद' ह्या पुस्तकाच्या लॅटिन भाषांतरातले असून पिलांना उडावयास प्रवृत्त करणारी गरुडपक्षीण हा त्याचा विषय आहे. मौज अशी की, होरेसचे ते स्तोत्रही गरुडाच्याच उपमेने सुरू होते : घरट्यातून प्रथमच बाहेर पडलेले, वाऱ्याने उडावयास शिकविलेले गरुडाचे पिलू. एक वाक्य रोमन दरबारातील, दुसरे यहुदी धर्मग्रंथातील. त्यांची गाठ पडली ती आकाशात. गरुडाचे पिलू उडून गेले म्हणजे घरट्याशी त्याचा संबंध संपला. वडाची फांदी उडून जात नाही. तिला वृक्ष व्हावयाचे तर जागेवरच राहून व्हावे लागते, आणि खाली उतरून व्हावे लागते.

आता बाबांच्या आक्षेपाकडे येतो. तो आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. फांदी वृक्ष होत नाही. फांदीपासून सुटलेली मुळी जमिनीत शिरते, जाड होते, खोडासारखी होऊन वरच्या फांदीला आधार देते व पाणी पुरविते. म्हणजे फांदी आणि वृक्ष ह्यांच्या मधला जो दुवा, तोच लॅटिन वाक्यातून गळला आहे. चित्रात पारंब्या आहेत, वाक्यात त्या नाहीत. उलट आपल्या संस्कृत भाषेने वडाला जे नाव दिले ते पाहा. 'न्यग्रोध' म्हणजे खाली वाढणारा. बाहेरून पाहणाराच्या नजरेत फांद्यांचा विस्तार भरला. ज्यांच्या अंगणात हे झाड होते त्यांनी त्याचे खाली उतरणे पाहिले. आणि ह्याहूनही खोल पाहणारा एक गुरू छांदोग्य उपनिषदात आहे. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचे फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास लावतो, आतले सूक्ष्म बी फोडावयास लावतो, आणि विचारतो, काय दिसते? मुलगा म्हणतो, काही नाही. त्या 'काही नाही'तून एवढा मोठा न्यग्रोध उभा आहे, हे बापाचे उत्तर. बारा वर्षे वेदाध्ययन करून ताठ मानेने परत आलेल्या मुलाला तो हा पाठ देतो आहे, हे विसरू नये. विद्यापीठाच्या मुद्रेवर वडाचे झाड असावे ह्याला आपल्या परंपरेत ह्याहून मोठा आधार कोणता हवा?

तरी बोधवाक्य परक्या भाषेत का, हा प्रश्न उरतोच. मला ह्यात केवळ साहेबी तोरा दिसत नाही. जी भाषा स्वयंपाकघरात बोलली जात नाही तिच्यात मुद्रा कोरावी, ही प्रवृत्ती फार जुनी व सार्वत्रिक आहे. त्या भाषेला रोजच्या व्यवहाराची झीज लागत नाही. ह्याचा दाखला भाटघरच्याच तालुक्यात आहे. भोर तालुक्यातील रांझे गावच्या पाटलाच्या प्रकरणी २८ जानेवारी १६४६ रोजी दिलेले शिवाजीमहाराजांचे जे पत्र उपलब्ध आहे, त्यावर त्यांची प्रसिद्ध संस्कृत मुद्रा आहे. वडील पिढीच्या मुद्रा फारसीत होत्या, दरबारची रीत फारसीची होती. आणि त्या वेळी पंधरा वर्षांच्या असलेल्या ह्या मुलाची मुद्रा संस्कृतात! पत्राची भाषा मराठी, मुद्रेची संस्कृत. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढत जाणारी, असे ती मुद्रा स्वतःचे वर्णन करते. अलाहाबादची मुद्राही वाढीचीच गोष्ट सांगते. परंतु चंद्र वाढतो तो एकटाच वाढतो. वड वाढतो तो आपल्यासारखे दुसरे उभे करून वाढतो. राज्याला पहिली उपमा शोभते, विद्येला दुसरी.

आपल्या प्रांतातील विद्यापीठांनी संस्कृत पत्करले ते ह्याच रीतीला धरून. मुंबई विद्यापीठाचे वाक्य 'शीलवृत्तफला विद्या', म्हणजे शील आणि वर्तन हे विद्येचे फळ. पुणे विद्यापीठाचे 'यः क्रियावान् स पण्डितः', म्हणजे जो आचरणात आणतो तो पंडित. पहिल्याचा भाव महाभारताच्या सभापर्वातला, दुसरे वनपर्वातले. दोन्ही ठिकाणी युधिष्ठिर आहे, पण दोन निरनिराळ्या अवस्थांत. सभापर्वात तो नव्या राजवैभवात बसून नारदाला विचारतो की, विद्या सफळ कशाने होते. आणि नारद उत्तर देतो. वनपर्वात राज्य गेलेले, चौघे भाऊ एका तळ्याच्या काठी निष्प्राण पडलेले, आणि यक्ष विचारतो आहे. तेथे युधिष्ठिर स्वतःच ते उत्तर देतो. पढणारे, पढविणारे, शास्त्रांचा नुसता विचार करणारे ह्या सर्वांस तो व्यसनी म्हणून बाजूस सारतो. आधी ऐकलेले उत्तर पुढे सोसून दिलेले, असे ह्या दोन वाक्यांचे नाते मला दिसते. योगायोगाने पुण्याचे विद्यापीठही मुंबईनंतर, मुंबईतूनच, फेब्रुवारी १९४९ मध्ये निघाले. २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव आहे. ह्या पुण्याच्या फांदीतून १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ निघाले, आणि कोल्हापूरच्या फांदीतून २००४ मध्ये सोलापूरचे. वाक्य संस्कृत असले तरी वंशावळ त्या लॅटिन वडाचीच म्हणावयाची.

पण कायद्याने वेगळे होणे म्हणजे रुजणे नव्हे. विधिमंडळाने ठराव केला की नवे विद्यापीठ होते. कुलगुरू येतात, मुद्रा तयार होते. पारंबी जमिनीला टेकली की नाही हे मात्र ठरावात लिहिलेले नसते. ती टेकल्याची खूण माझ्या मते एकच : तेथील माणसांच्या घरात, त्यांच्या भाषेत, त्यांच्या दप्तरात ती विद्या शिरली पाहिजे. असे एकदा खरोखर झाले, आणि ते विद्यापीठाबाहेर झाले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. मुंबईच्या शाखेतील निबंध इंग्रजीत, येथले मराठीत. मुंबईस शिलालेख व ताम्रपट, येथे गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतील रुमाल. राजवाड्यांचा स्वभाव तिखट होता, मते कित्येकदा टोकाची होती. पण कागदासाठी पायपीट करावी ती त्यांनीच.

आणि अशा एका रुमालातून कारीची पारंबी भुईला टेकली. कारी हे भोर तालुक्यातील गाव, कान्होजी जेधे ह्यांचे. शहाजीराजांचा व पुढे शिवाजीमहाराजांचा हा इमानी साथी. त्याच्या वंशजांच्या घरी एक शकावली जपून ठेवलेली होती. शके १५४० पासून पुढच्या ऐंशी वर्षांतील घडामोडी तीत तिथिवार टिपलेल्या. जेधे घराण्याने ती लोकमान्य टिळकांकडे दिली आणि १९१६ मध्ये टिळकांनी ती मंडळाच्या द्वारे प्रसिद्ध केली. ज्योतिर्गणितात मुरलेल्या टिळकांना तिच्यातील तिथींचे मोल तत्काळ कळले असल्यास नवल नाही. तोपर्यंत शिवजन्माचे साल सर्वत्र शके १५४९, म्हणजे १६२७, असे धरले जाई. ह्या शकावलीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी पुढे आणली. पुष्कळ वाद झाला, तो पिढ्या दोन पिढ्या चालला, आणि शेवटी महाराष्ट्र शासनानेही हीच तारीख मान्य केली. जे लंडनला ठाऊक नव्हते, मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ठाऊक नव्हते, ते भाटघराशेजारच्या डोंगराआड एका घराच्या दप्तरात होते. पारंबी तेथवर उतरली म्हणून ते वर आले.

खोड गेले तर फांद्यांचे काय होते, हाही प्रश्न मी एका वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना विचारला. त्यांनी मला कलकत्त्याजवळ शिबपूरच्या बागेतील प्रसिद्ध वडाचे उदाहरण दिले. १८६४ व १८६७ च्या तुफानांत तो जखमी झाला, खोडाला बुरशी लागली, आणि १९२५ मध्ये मूळ खोड काढून टाकावे लागले. आज त्या वडाला खोडच नाही; तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर तो उभा आहे व अजून वाढतो आहे. मी म्हटले, मग तो एक वृक्ष की तीन हजार? ते म्हणाले, वर पाहिलेत तर एक, खाली पाहिलेत तर तीन हजार. लॅटिन वाक्यावर ह्याहून चांगले भाष्य मला कोठे मिळाले नाही.

भाटघराहून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी आम्हांस वडाच्या मागल्या बाजूस नेले. तेथे एक पारंबी जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लोंबत होती. पोरे तिला झोके घेत, गुरे शेंडा खात, म्हणून ती वर्षानुवर्षे तेवढीच राहिली होती. बाबांनी बांबू उभा चिरून, आत माती व कुजलेले शेण भरून, त्यात तिचा शेंडा सोडला होता आणि बाहेरून सुतळीने आवळून बांबू जमिनीत रोवला होता. दोन पावसाळे गेले तर खाली उतरेल, असे त्यांचे गणित. भाचीने त्या बांबूचे छायाचित्र काढून घेतले. परवा तिचे प्रयागहून पत्र आले. अभ्यासाचा मजकूर दोन ओळींत आटोपून तिने विचारले आहे की, बाबांची पारंबी टेकली का? मला पुन्हा भाटघरास जाणे झालेले नाही. पहिला पावसाळा तर आताच सरला आहे.